जुन्या बोट इंजिनचे पकडलेले बोल्ट : 1 फेब्रुवारी ते 9 मार्च 2025 च्या कामाच्या नोंदी

1 फेब्रुवारी, शनिवार

चांगदेव गावचे बोटवाले नाना सकाळी छोटा हत्तीत इंजिन टाकून दुकानावर आले. 15 एचपी, जपानी, टू-स्ट्रोक, बोटीच्या मागे लटकवायचं आउटबोर्ड. दोन वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावरून सेकंडहँड घेतलेलं. तक्रार अशी की दहा मिनिटं चाललं की तापतं, आणि मागच्या बारीक भोकातून इंजिन गार करणाऱ्या पाण्याची जी धार पडली पाहिजे ती थेंब थेंब पडते.

माझं दुकान मुक्ताईनगरला, काम पाणबुडी मोटरींचं आणि केळीवाल्यांच्या पंपांचं. बोटीचं इंजिन याआधी दोनदाच उघडलेलं. पण नानांचं म्हणणं, "भाऊ, सुरतेला नेऊन परत आणायचं तर यात्रा निघून जाईल, तूच बघ." 24 तारखेला एकादशी, 26 ला महाशिवरात्र, चांगदेव-मुक्ताबाईच्या यात्रेला तापी-पूर्णेच्या संगमावर लोक बोटीत बसतात, नानांची वर्षाची निम्मी कमाई त्या चार-पाच दिवसात होते. म्हणून 23 पर्यंत बोट पाण्यात पाहिजे.

200 लिटरच्या पाण्याच्या ड्रममध्ये इंजिनचा पाय, म्हणजे खालचा भाग, बुडवून दोन मिनिटं चालवलं. धार नाहीच. लगेच बंद केलं. म्हणजे पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, पाणी वर ढकलणारं रबरी पात्यांचं चाक, गेला. तो खालच्या गिअरकेसच्या, म्हणजे गिअर असतात त्या खोक्याच्या, वर बसतो, गिअरकेस उतरवल्याशिवाय दिसत नाही, आणि गिअरकेस धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्या डोक्याभोवती पांढरी पावडर दाटून बसलेली. ती पावडर बघूनच मी सावध व्हायला पाहिजे होतं. मला वाटलं दोन दिवसाचं काम आहे.

2 फेब्रुवारी, रविवार

आज दोन चुका झाल्या, दोन्ही लिहून ठेवतो.

पहिली. आपल्याकडे 8 मिमी बोल्ट म्हटलं की हात आपोआप 13 च्या पान्याकडे जातो. या इंजिनला 8 मिमी बोल्टाचं डोकं 12 चं आहे, जपानी मशीनला बहुतेक असंच असतं. मी 13 चा रिंग पाना लावला, थोडा ढिला वाटला पण वाटलं गंज खाल्लाय म्हणून असेल, आणि जोर दिला. डोक्याचे कोपरे गोल झाले. मग 12 चं सहा कोनी सॉकेट ठोकून बसवलं तेव्हा पकड मिळाली. बारा कोनी सॉकेट अशा बोल्टाला लावूच नका.

दुसरी चूक मोठी. दोन बोल्ट डिझेल आणि गंज सोडवायचा स्प्रे मारून तासाभरात निघाले, त्यामुळे मला जोर चढला. तिसऱ्याला टॉमीवर, म्हणजे सॉकेट फिरवायच्या दांड्यावर, दोन फुटी पाईप चढवला. लोखंडात लोखंड गंजलेलं असलं की सुटताना कुईकुई आवाज येतो, तो आवाज ओळखीचा असतो, त्यावरून कळतं की आता सुटतंय. इथे आवाजच नाही. हाताला रबर पिळल्यासारखं लागलं, अर्धा फेरा फिरला, मला वाटलं सुटला, आणि डोकं हातात आलं.

नवीन माणसाने हे नीट लक्षात घ्या. स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये पकडला तर तो गंज नसतो. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम स्वतः झिजतं आणि त्याची पांढरी पावडर आट्यांमध्ये सिमेंटसारखी भरते. स्टेनलेस मऊ असतं, तुटायच्या आधी पिळत जातं. आवाज न करता बोल्ट फिरायला लागला तर तिथेच हात थांबवा. आपल्या तापीच्या पाण्यात हे इंजिन दोनच वर्षं आहे पण आतलं मीठ समुद्राचं आहे, दोन वर्षं गोड्या पाण्यात चालूनही ते निघालेलं नाही.

3 आणि 4 फेब्रुवारी

जोर बंद केला. स्प्रे मारून ठेवायचं ठरवलं आणि त्यातही एक दिवस वाया घालवला, कारण हे बोल्ट खालून वर जातात, स्प्रे मारला की तेल खाली ओघळतं, आट्यांपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या दिवशी डोक्यात आलं. पेट्रोल पूर्ण काढलं, गिअर ऑइल काढलं, इंजिन स्टँडवर उलटं बांधलं आणि बोल्टांभोवती एमसीलची पाळ करून त्यात ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं भरून ठेवलं. ॲसिटोन उडून जातं म्हणून दर चार तासांनी थोडं ओतायचं. प्लास्टिक आणि रंग दोन्ही खातं, म्हणून जपून. आणि पुढे गॅसची टॉर्च पेटवायच्या आधी हे सगळं पुसून, धुवून, वाळवून घ्यायचं, नाहीतर भडका उडेल.

गिअर ऑइल काढलं तेव्हा ते चहासारखं निघालं, दूध जास्त पडलेल्या चहासारखं. म्हणजे प्रोपेलरच्या शाफ्टचं सील पण गेलंय, पाणी आत शिरतंय. नानांना फोन करून सांगितलं की खर्च वाढणार. ते म्हणाले, "उघडलं आहे तं सगळंच करून टाक भाऊ, मधात नको थांबू."

5 फेब्रुवारी, बुधवार

गॅसच्या छोट्या डब्यावर बसणारी टॉर्च आणली. टाकी अंगणाच्या पलीकडे, कार्बोरेटर आणि नळी काढून बाजूला, ओलं पोतं हाताशी.

तापवायचं ते बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम, बोल्ट नाही. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं. हिशेब केला तर 8 मिमीच्या भोकात दीडशे डिग्री चढल्यावर फरक पडतो जेमतेम 0.008 मिमी. म्हणजे केसाच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा. पण पावडरीची पकड तुटायला तेवढा पुरतो, आणि एकदा तापवून भागत नाही, तापव, गार होऊ दे, परत तापव, असं चार-पाच वेळा.

किती तापवायचं याचा अंदाज मी पाण्याच्या थेंबावर ठेवला. थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला तर अजून थोडं, नाचत गोल फिरायला लागला तर बस. रंग तपकिरी व्हायला लागला की टॉर्च बाजूला. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, 660 डिग्रीच्या आसपास सरळ वितळतं, आणि ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी.

चौथा बोल्ट असा निघाला. आधी पितळी सळईवरून डोक्यावर दहा-बारा ठोके, मग किंचित आवळायचा, मग सोडायचा, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. वीस मिनिटं लागली पण अख्खा निघाला.

तरी गिअरकेस सुटेना. बाभळीच्या पाचरी ठोकल्या, दीड तास गेला, कडेला एक खड्डा पडला, आणि मग दिसलं की मागच्या छोट्या पात्याच्या खाली पाचवा बोल्ट आहे. आधी पातं काढायचं, मग तो दिसतो. खड्डा फाइलने साफ केला, पाणी गळेल असा नाही, पण झाला तो माझ्या घाईने झाला.

6 फेब्रुवारी, गुरुवार

पाचवा निघाला. तुटलेल्या बोल्टाची दांडी गिअरकेसच्या भोकातच चिकटलेली होती, तिथे आटे पण नाहीत, नुसतं सरळ भोक, तरी पावडरीने घट्ट. तिथेही गरम करून पाचरी थोड्या थोड्या, दोन्ही बाजूंनी सारख्या. संध्याकाळी साडेपाचला गिअरकेस खाली आला.

आता वरच्या भागातून बोल्टाचा 18 मिमीचा तुकडा लोंबत होता. हा तुकडा म्हणजे नशीब, पकडायला जागा आहे. याच्यावर मेणबत्तीचा उपाय केला आणि तो मला या सगळ्या कामात सगळ्यात जास्त पटला. धातू गरम करायचा, टॉर्च बंद करायची, आणि बोल्टाच्या बुडाशी साधी पांढरी मेणबत्ती टेकवायची. वितळलेलं मेण आट्यांमध्ये आपोआप ओढलं जातं, इंजिन उलटं असो की सुलटं. तीन वेळा मेण पाजलं. मग ग्रिप पकड घट्ट आवळून पुढे-मागे, पुढे-मागे. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग एक बारीकशी हालचाल. चाळीस मिनिटांनी तुकडा बाहेर. आटे शाबूत, टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून फक्त पावडर काढली.

हेच मी 2 तारखेला केलं असतं तर बोल्ट तुटलाच नसता.

7 फेब्रुवारी, शुक्रवार

इम्पेलर उघडला. सहा पाती पाहिजेत, तीन जाग्यावर, तीन गायब. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला गाळ भरपूर, त्याने रबर झिजतं, आणि इंजिन महिनोन्महिने पडून राहिलं की पाती वाकलेल्या जागी कडक होऊन मोडतात.

इथे एक गोष्ट पक्की करा. पाती मोडली असतील तर तुकडे मोजून शोधायचे. नवीन इम्पेलर बसवून मोकळं झालात तर ते तुकडे वर कुठेतरी पाण्याची वाट अडवून बसलेले असतात आणि इंजिन परत तापतं. एक तुकडा वर जाणाऱ्या तांब्याच्या नळीत सापडला. दोन राहिले. ते थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेपाशी, असणार. म्हणजे थर्मोस्टॅटचं झाकण उघडणं आलं, आणि त्याला चार बोल्ट, 6 मिमीचे.

8 फेब्रुवारी, शनिवार

या दिवसाने माझे पुढचे आठ दिवस खाल्ले.

तीन बोल्ट गरम करून, मेण पाजून व्यवस्थित निघाले. चौथा झाकणाच्या खाली, अगदी हेडच्या, म्हणजे सिलिंडर बंद करणाऱ्या झाकणाच्या, पातळीला तुटला. मी हळूच फिरवत होतो, पाईप नाही काही नाही, पण 6 मिमीच्या बोल्टात जीव किती असतो. बहुतेक आधीच्या कोणीतरी तो जास्त आवळलेला असावा.

वर तुकडाच नाही, पकडणार कशाला? मग बाजारातून ईझी-आउटचा सेट आणला, म्हणजे उलट्या आट्यांची ती निमुळती पिन. बोल्टाच्या मधोमध पंच मारून 3 मिमीचं भोक पाडायचं, पिन आत घालून उलटी फिरवायची. पंच अर्धा मिमी बाजूला बसला, ते मला भोक पाडताना कळलं, तरी पुढे गेलो. पिन घातली, फिरवली, आणि पिन आत मोडली.

ईझी-आउट कडक पोलादाची असते, साध्या ड्रिलने तिला ओरखडाही पडत नाही. दोन ड्रिल बिट बोथट करून बघितले. आणि जो बोल्ट गरम करूनसुद्धा पानं लावून तुटतो, तो त्याच्यातल्या भोकात घातलेल्या त्याच्याहून बारीक पिनेने कसा सुटेल? हा विचार आधी करायचा होता. आता माझं मत पक्कं आहे, ॲल्युमिनियममध्ये पकडलेल्या 6 मिमी बोल्टाला ईझी-आउट लावायची नाही. ज्याचं डोकं फक्त घाव बसून तुटलंय आणि आटे मोकळे आहेत, त्याच्यासाठी ती ठीक.

9 फेब्रुवारी, रविवार

जळगाव एमआयडीसीत साचे बनवणाऱ्यांकडे स्पार्क मशीन असतं, त्याने मोडलेला टॅप किंवा पिन जाळून काढतात. ओळखीने एका ठिकाणी विचारलं, ते म्हणाले आठवडाभर नंबर नाही. यात्रेच्या कामात आठवडा परवडत नव्हता.

मग आमच्या लेथवाल्या काकांनी तुरटीचं सांगितलं. तुरटीच्या गरम पाण्यात पोलाद विरघळतं, ॲल्युमिनियम तसंच राहतं. मला आधी खरं वाटलं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात तापीचं गढूळ पाणी निवळायला घरोघरी तुरटी फिरवतात, ती पोलाद खाईल हे कसं पटणार. काकांनी स्वतः असे मोडके टॅप काढलेत म्हणाले.

पण त्यासाठी हेड इंजिनवरून काढून भांड्यात बुडवायचं. म्हणजे हेडचे बोल्ट. घाबरत घाबरत दोन दिवस दिले, 9 आणि 10, प्रत्येक बोल्टाला गरम-गार पाच वेळा, मेण, पितळी सळईचे ठोके, आणि सोडताना बोल्ट रबरासारखा लागला की थांबून परत गरम. सगळे निघाले, एकही तुटला नाही.

11 ते 14 फेब्रुवारी

दोन किलो तुरटी किराणा दुकानातून. स्टीलचं पातेलं, म्हणजे स्टेनलेसचं, लोखंडी कढई घेतली तर तुरटी कढईच खाईल. पाणी गरम करून तुरटी विरघळेल तेवढी विरघळवली, हेड त्यात असं ठेवलं की तुटका बोल्ट वर तोंड करून राहील, आणि शेगडी मंद. दुकानाच्या मागे उघड्यावर, कारण बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, बंद खोलीत हे करू नका.

तासाभरात भोकातून बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. ती बघितल्यावर जीवात जीव आला, खरं सांगतो. दर दोन तासांनी भोकातला काळा गाळ सुईने आणि सिरिंजने काढायचा, नाहीतर काम थांबतं. पाणी आटलं की गरम पाणी टाकायचं. रात्री शेगडी बंद. तिसऱ्या दिवशी पिन भुसभुशीत झाली, चौथ्या दिवशी दुपारी सुईने टोचून तिचा शेवटचा चुरा निघाला. बोल्ट स्टेनलेसचा, त्याला काही झालं नाही, तो तसाच बसलेला. हेडचा रंग मात्र मळकट राखाडी झाला. पॅकिंग बसायची बाजू काचेवर 400 चा पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासली, स्केल लावून बघितलं, सपाट आहे.

15 फेब्रुवारी, शनिवार

शेजारी फॅब्रिकेशनवाला दादा आहे, गेट आणि केळीच्या ट्रॉल्या बनवतो. त्याच्याकडे बोल्टावर नट वेल्डिंग केला. बोल्ट स्टेनलेस, नट साधा लोखंडी, म्हणून 309 चा रॉड. आधी भोकातून बोल्टावर थोडं थोडं भरून उंची आणली, मग नट ठेवून आत भरलं. वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडची भीती कमी. पहिला नट फिरवताना तुटून आला. दुसऱ्या वेळी दादा म्हणाला, "घाई नको करू, लाली जाऊ दे, हात लावता येईल इतकं गार होऊ दे." मेण लावलं, पाना लावला, पुढे-मागे, आणि बोल्ट निघाला. आठ मिनिटं. हेच 8 तारखेला संध्याकाळी केलं असतं तर तुरटी लागलीच नसती.

पंच बाजूला बसल्यामुळे ड्रिलने एका बाजूचे आटे खाल्ले होते. तिथे हेलिकॉइल, म्हणजे खराब आट्यांच्या जागी बसणारी तारेची कॉइल, बसवली. 6.3 चं ड्रिल, सेटमधला टॅप, 9 मिमी लांबीची कॉइल, पातळीच्या किंचित खाली बसवून खालची शेपटी मोडून चिमट्याने बाहेर काढली. शेपटी आत पडली तर पाण्याच्या वाटेत जाईल.

थर्मोस्टॅटच्या मागे रबराचे दोन्ही तुकडे सापडले. सहा पाती पूर्ण झाली. तुकड्यांच्या मागे मिठाचा थर, नखाने निघत नव्हता. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकला, उघडला, चांगला आहे.

16 ते 21 फेब्रुवारी

मुंबईहून कुरिअरने सामान यायला चार दिवस. तोवर सगळ्या वाटा, सगळे आटे साफ.

बसवताना सगळे बोल्ट नवीन, आणि प्रत्येकाच्या आट्यांना आणि दांडीला मरीन ग्रीस. दांडीलाही, कारण ती सरळ भोकातसुद्धा चिकटते हे बघितलं. तांब्याची पेस्ट पुष्कळ जण लावतात, मी इथे लावली नाही, तांबं ॲल्युमिनियमला अजून झिजवतं. टॉर्क पाना, म्हणजे मोजून जोर लावायचा पाना, बाइकवाल्या गॅरेजमधून मागून आणला, 6 मिमीला 10 न्यूटन-मीटर, 8 मिमीला 20. हेड मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यात.

झीज स्वतःवर घेणारा तुकडा, ज्याला अनोड म्हणतात, तो जस्ताचा होता. जस्त समुद्रासाठी बरोबर, गोड्या पाण्यात त्याच्यावर थर चढतो आणि ते काम करणं सोडून देतं. नदीसाठी मॅग्नेशियमचा लावला.

नवीन इम्पेलर साबणाच्या पाण्याने ओला करून, शाफ्ट उजवीकडे फिरवत बसवला म्हणजे पाती बरोबर दिशेने वाकतात. गिअरची सळई जुळवायला एक तास गेला.

22 फेब्रुवारी, शनिवार

ड्रममध्ये चालू केलं. धार नाही. माझ्या पोटात गोळा आला. मग धारेच्या बाहेरच्या नळीत बारीक तार घातली तर कुंभारीण माशीचं मातीचं घर निघालं. काढल्याबरोबर धार हातभर लांब. वीस मिनिटं चालवलं, पाणी कोमट, हेडला हात ठेवता येतो.

खर्च : स्प्रे 620, टॉर्च आणि गॅस 750, ईझी-आउट आणि ड्रिल 430, तुरटी 160, हेलिकॉइल सेट 950, इम्पेलर किट 1,850, पॅकिंग 1,400, सील आणि गिअर ऑइल 900, बोल्ट 240, अनोड 450, ग्रीस 380, वेल्डिंग 200. एकूण 8,330 रुपये. त्यातले ईझी-आउट, तुरटी आणि हेलिकॉइलचे 1,540 माझ्या चुकीचे, ते मी नानांकडून घेतले नाहीत. हातातले तास साधारण 50, त्यातले निम्म्याहून जास्त त्या एका 6 मिमी बोल्टावर.

23 फेब्रुवारी, रविवार

संगमावर चाळीस मिनिटं चालवलं, आठ माणसं बसवून. धार शेवटपर्यंत एकसारखी. नाना काही बोलले नाहीत, येताना डझनभर केळी आणि तिळाची चटणी गाडीत ठेवून गेले.

9 मार्च, रविवार

यात्रा झाली, इंजिन रोज चाललं. तरी मला बोल्ट बघायचे होते म्हणून गिअरकेसचे पाचही सोडले. चार बोल्ट साध्या पान्याने, जोर न लावता सुटले, ग्रीस जाग्यावर. पाचवा, तो पात्याखालचा, थोडा कुरकुरला. काढून बघितला तर कोरडा, त्याला ग्रीस लावायचं माझ्याकडून राहिलं होतं. ब्रशने साफ केला, ग्रीस लावलं, 20 ला आवळला आणि पातं परत बसवलं.